उजेड कुंपणावर हवा, पुळणीवर नको

मा. संपादक,

माझी सगळी नोकरी नौदलाच्या एका डेपोत नागरी कर्मचारी म्हणून झाली. कुंपणाच्या आत टिटवीनं उघड्यावर अंडी घातली की गवत कापणारे गडी शेजारी काठी रोवून तिला लाल चिंधी बांधत आणि तेवढा तुकडा सोडून पुढे जात. त्यासाठी कधी आदेश निघाला नव्हता. माणसाला मज्जाव, म्हणून कुऱ्हाडीलाही मज्जाव. आतली झाडी बाहेरच्या डोंगरापेक्षा दाट होती. त्यामुळे 'सुरक्षा की वन्यजीव' हा वाद ऐकला की मला नवल वाटतं. किनाऱ्यावर खरी अडचण पहाऱ्याच्या दिव्यांची आहे.

आता मी गुहागरला असतो. डिसेंबरच्या सुमारास ऑलिव्ह रिडले जातीच्या समुद्री कासवांच्या माद्या अंडी घालायला पुळणीवर चढू लागतात. कासवमित्र, म्हणजे घरटी राखणारे गावकरी, अंडी हॅचरीत (कुंपण घातलेल्या राखीव जागेत) हलवतात, पिल्लं माणसांदेखत पाण्यात जातात, मग दिव्यानं काय बिघडतं, असं मला एका अधिकाऱ्यांनी विचारलं होतं. बिघडतं ते आधी मादीचं. लख्ख उजेड दिसला की ती अंडी न घालताच माघारी फिरते. आणि जे घरटं कुणाच्या नजरेस पडलं नाही, त्यातली पिल्लं जिकडे जास्त उजेड तिकडे धावतात. काळोख्या किनाऱ्यावर तो समुद्राकडे असतो. फ्लडलाइट पेटला की जमिनीकडे, म्हणजे कुत्र्यांच्या तोंडी.

पहारेकऱ्याला तरी त्या झोताचा उपयोग किती? झोताच्या पलीकडचं त्याला काहीच दिसत नाही. दिव्याला झापड लावून तो कुंपणाच्या पायथ्याशी वळवावा, पिवळसर बल्ब घालावा, समुद्राकडची नजर रडार आणि रात्री पाहणाऱ्या कॅमेऱ्यांवर सोपवावी. (रिसॉर्टवाल्यांचा झगमगाट याहून वाईट, त्यांच्यासाठी वेगळं पत्र लिहावं लागेल.)

ओडिशात कासवांसाठी याहून मोठी तडजोड झाली. डॉ. अब्दुल कलाम बेटावरच्या क्षेपणास्त्र चाचण्या २०२४ च्या जानेवारी ते मार्च या विणीच्या काळात थांबवायचं ठरलं. आम्ही तर फक्त दिव्यांची तोंडं फिरवायला सांगतो आहोत, तीही डिसेंबर ते मे.

नौदल, तटरक्षक दल, सागरी पोलीस आणि वनखात्याची बैठक जिल्हाधिकाऱ्यांनी हंगामाआधी घ्यावी. मात्र कचेरीत नको, पुळणीवर, रात्री नऊनंतर. कुठला दिवा खुपतो ते गावचे कासवमित्र बोट करून दाखवतील.

आपला,
एक निवृत्त कर्मचारी, गुहागर