सूचना : तिसरी ते पाचवीचा गृहपाठ

पालकहो, रात्री नऊनंतर ग्रुपवर ‘आज काय दिलंय, फोटो टाका’ आता बंद करूया. गृहपाठ मुलांनीच लिहून आणायचा. विसरलं तर त्यांनीच मित्राला विचारावं.

उत्तर सांगू नका. ‘प्रश्न मोठ्याने वाच, काय विचारलंय?’ एवढंच म्हणा. चुकलेलं गणित खोडून नीटनेटकं करून देऊ नका (प्रकल्पांचं तर बोलायलाच नको!). मूल कुठे अडलंय हे बाईंना कळणार कसं?

केंद्र सरकारच्या २०२०च्या दप्तर धोरणात या वर्गांना आठवड्याला जास्तीत जास्त २ तास गृहपाठ सांगितलाय. जास्त वेळ लागत असेल तर बाईंना भेटा.

सातपूर-अंबडच्या कारखान्यांत पाळीवर जाणाऱ्यांनी सुटीच्या दिवशी वही चाळली तरी पुरे. पाठ्यपुस्तक हरवलं तर बालभारतीच्या संकेतस्थळावर मोफत मिळतं.