बारावीची गुणपत्रिका आणि पाच पर्यायांचा अर्ज: कॅलिफोर्निया कम्युनिटी कॉलेजेसच्या कुलपतींना खुले पत्र

प्रति,
मा. कुलपती,
कॅलिफोर्निया कम्युनिटी कॉलेजेस,
सॅक्रॅमेंटो.

विषय: परदेशात शालेय शिक्षण घेतलेल्या नव्या विद्यार्थ्यांची गणिताची व इंग्रजीची पातळी ठरवण्याच्या पद्धतीबाबत.

सन्माननीय कुलपती,

मी सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या बे एरियातील एका कम्युनिटी कॉलेजात (दोन वर्षांच्या सरकारी महाविद्यालयात) गेली सतरा वर्षे अर्धवेळ गणित शिकवते आणि आठवड्यातून दोन दुपारी तेथील ट्युटरिंग सेंटरमध्ये बसते. त्याआधी सांगली जिल्ह्यातील एका कनिष्ठ महाविद्यालयात मी अकरावी-बारावीला गणित शिकवत होते. या पत्राची इंग्रजी प्रत आपल्या कार्यालयाकडे स्वतंत्रपणे पाठवली आहे. मराठीतही ते लिहिण्याचे कारण एवढेच की, ज्यांच्याविषयी ते आहे त्यांतील बऱ्याच जणी मराठी वाचतात आणि आपल्याला अमुक वर्गात का बसवले गेले हे त्यांना आजवर कोणी नीट सांगितलेले नाही.

आपल्या ११६ कॉलेजांत नव्याने नाव नोंदवणाऱ्या विद्यार्थ्याने गणिताची आणि इंग्रजीची सुरुवात कोणत्या पातळीपासून करायची, हे पूर्वी प्लेसमेंट टेस्ट ठरवत असे. संगणकासमोर बसून द्यायची ती परीक्षा तासा-दीड तासात संपे. बहुतेक जण तयारी न करता येत, कारण या परीक्षेचा निकाल किती महागात पडू शकतो हे त्यांना कोणी सांगितलेलेच नसे. अपूर्णांकांचा भागाकार विसरलेला तीस वर्षांचा माणूस त्या परीक्षेनंतर अंकगणिताच्या वर्गात जाऊन बसे आणि तेथून पूर्व-बीजगणित, प्राथमिक बीजगणित, मध्यम बीजगणित अशा पायऱ्या चढत, ज्या वर्गाचे श्रेयांक विद्यापीठात धरले जातात तेथवर पोहोचण्याची वाट पाहत राही.

मी प्रामाणिकपणे सांगते, त्या काळात मी या परीक्षेच्या बाजूची होते. ‘पाया कच्चा राहिला तर पुढचे काय कळणार’ हे वाक्य महाराष्ट्रातल्या प्रत्येक गणितशिक्षकाच्या तोंडी असते, तसे ते माझ्याही तोंडी होते. माझे मत बदलले ते एका साध्या गुणाकाराने. प्रत्येक पायरीवर शंभरांतले सत्तर उत्तीर्ण होऊन पुढच्या वर्गात नाव घालतात असे धरले, आणि हा अंदाज उदारच आहे, तर चार पायऱ्यांनंतर सत्तर, एकोणपन्नास, चौतीस असे करत चोवीसच उरतात. तेही खऱ्या वर्गाच्या दारापर्यंत पोहोचलेले, आत शिरलेले नव्हेत. प्रत्येक शिक्षकाने आपले काम चोख केले तरी ही गळती थांबत नव्हती, कारण ती पायऱ्यांच्या संख्येतच होती. पब्लिक पॉलिसी इन्स्टिट्यूट ऑफ कॅलिफोर्निया या संशोधन संस्थेच्या २०१६ च्या अहवालात हेच मोठ्या आकड्यांत दिसले. नव्या विद्यार्थ्यांपैकी सुमारे ८० टक्के निदान एका तरी पूरक, म्हणजे विद्यापीठीय पातळीच्या खालच्या, वर्गात बसत होते आणि अशा विद्यार्थ्यांपैकी सहा वर्षांत पदवी वा प्रमाणपत्र मिळवणारे फक्त १६ टक्के होते. परीक्षा तरी माणूस बरोबर ओळखत होती का? कोलंबिया विद्यापीठाच्या संशोधकांना असे आढळले की गणितात चारांतला एक आणि इंग्रजीत तिघांतला एक विद्यार्थी ठळकपणे चुकीच्या जागी पाठवला जात होता, आणि त्यांच्या शाळेतल्या गुणांकडे पाहिले असते तर यातल्या बऱ्याच चुका टळल्या असत्या. ‘कॉम्पस’ ही त्या काळी खूप चालणारी परीक्षा तिच्या निर्मात्यांनी २०१६ मध्ये स्वतःच गुंडाळली.

म्हणून विधानसभा सदस्या जॅकी अर्विन यांनी मांडलेल्या ७०५ क्रमांकाच्या विधेयकावर ऑक्टोबर २०१७ मध्ये गव्हर्नर ब्राउन यांनी स्वाक्षरी केली, तेव्हा ते मला पटले. शाळेत कोणते विषय घेतले आणि त्यांत कसे गुण मिळाले, यावर पातळी ठरवावी; वरच्या वर्गात यश मिळण्याची शक्यता फारच कमी आहे असे दाखवता येत नसेल तर कोणालाही खालच्या वर्गात अडकवू नये; गणित-इंग्रजीचा विद्यापीठीय पातळीचा वर्ग वर्षभरात पूर्ण होईल अशीच सुरुवात द्यावी, हे त्याचे सार. गणितात थेट त्या पातळीवर सुरुवात करणाऱ्यांचे प्रमाण २०१५ मध्ये २१ टक्के होते, ते २०१९ मध्ये ७८ टक्के झाले आणि पहिल्याच सत्रात तो वर्ग उत्तीर्ण होणारे १४ टक्क्यांवरून ४० टक्क्यांवर गेले. अजूनही शिक्षकांच्या खोलीत ‘जुनी परीक्षाच बरी होती’ असा सूर निघतो. त्याला माझा पाठिंबा नाही, हे पुढचे वाचण्याआधी आपण ध्यानात घ्यावे अशी विनंती आहे.

माझी तक्रार वेगळी आहे. शाळेचा कागद पाहून निर्णय घ्यायचा असे कायद्याने ठरवले. पण ज्यांचा कागद सांगलीचा, मनिलाचा किंवा हनोईचा आहे त्यांचा कागद कोण वाचणार, हे कोणी ठरवले नाही. ज्यांच्याकडे अमेरिकन हायस्कूलची ट्रान्स्क्रिप्ट (विषय आणि गुणांची अधिकृत नोंद) नाही त्यांच्यापुढे एक ऑनलाइन अर्ज ठेवला जातो, त्याला मार्गदर्शित स्व-निवड म्हणतात. मार्गदर्शन त्यात किती असते, ते एका दुपारच्या उदाहरणावरून सांगते.

ऑगस्टमध्ये सत्र सुरू होण्याच्या आठवड्यात माझ्या टेबलाशी एक बाई आली. नवऱ्याच्या नोकरीमुळे इथे आलेली, दोन मुले शाळेत, आता संगणकशास्त्र शिकायचे म्हणत होती. प्लास्टिकच्या फोल्डरमधून तिने बारावी विज्ञानाची गुणपत्रिका काढली, आपल्याकडे सगळे करतात तशी लॅमिनेट केलेली, एका कोपऱ्यात हवेचा बुडबुडा राहिलेली. कॉलेजच्या अर्जात विचारले होते: तुम्ही उत्तीर्ण केलेला गणिताचा सर्वांत वरचा कोर्स कोणता? खाली सोप्याकडून अवघडाकडे जाणारे पाच पर्याय होते: अल्जिब्रा एक, जॉमेट्री, अल्जिब्रा दोन, प्रीकॅल्क्युलस, कॅल्क्युलस. तिने खूप विचार करून ‘जॉमेट्री’वर टिचकी मारली होती. का, म्हणून विचारले तर म्हणाली, “मॅडम, दहावीला आपल्याला बीजगणित आणि भूमिती असे दोन पेपर होते ना, त्यातला भूमितीचा दुसरा. बारावीला नुसतं गणितच होतं, त्याचं यात नावच नाही.”

नाव नव्हतेच. महाराष्ट्र राज्य मंडळाच्या बारावीच्या ‘गणित आणि संख्याशास्त्र’ या एका शीर्षकाखाली अवकलन (डेरिव्हेटिव्ह) आणि संकलन (इंटिग्रल) म्हणजेच कॅल्क्युलस, शिवाय मॅट्रिक्स, सदिश आणि संभाव्यता हे सगळे असते. म्हणजे अर्जातल्या पाचव्या पर्यायाचा बराचसा भाग ही बाई शिकून, बोर्डाची परीक्षा देऊन आली होती आणि अर्जाने तिची नोंद दुसऱ्या पर्यायावर केली. उत्तर आले: त्रिकोणमिती, मग प्रीकॅल्क्युलस, सोबत आधारवर्ग. कॅल्क्युलसला हात लावायला पूर्ण एक वर्ष. कॅलिफोर्नियाच्या रहिवाशाला एका युनिटचे, म्हणजे एका श्रेयांकाचे, शुल्क ४६ डॉलर पडते, त्यामुळे पैशाचा हिशेब फार मोठा नाही असे कोणी म्हणेल. पण मुलांना शाळेत सोडल्यानंतरच्या चार तासांत शिकणाऱ्या बाईचे एक वर्ष युनिटांत मोजता येत नाही.

ती समुपदेशकाकडेही जाऊन आली होती. तिथे दुसरीच गंमत झाली. गुणपत्रिकेवर गणितात ६८ टक्के होते. त्या वेळच्या आमच्या बोर्डात हे गुण प्रथम श्रेणीचे होते आणि त्यासाठी पेढे वाटले जात. इथल्या कोष्टकात मात्र ६८ म्हणजे ‘डी’, जेमतेम. समुपदेशकाने ते पाहून सहानुभूतीने मान हलवली आणि “सावकाश जाऊ या” असा सल्ला दिला. त्या माणसाचा मी दोष मानत नाही. दिवसाला वीस विद्यार्थी पाहणाऱ्याने जगातल्या सगळ्या बोर्डांची श्रेणीपद्धती पाठ करावी ही अपेक्षाच चूक आहे.

चूक एकाच दिशेला होते असेही नाही. त्याच सत्रात वाणिज्य शाखेतून आलेला एक तरुण थेट कॅल्क्युलसच्या वर्गात होता. त्याने अकरावीपासून गणित सोडलेले होते, जे महाराष्ट्रात वाणिज्य शाखेत करता येते. पण अर्जात ‘बारावी उत्तीर्ण’ आणि ‘अभियांत्रिकीकडे कल’ या दोन खुणांवरून त्याची शिफारस वरची झाली. २०२२ च्या १७०५ क्रमांकाच्या कायद्याने विज्ञान-अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना कॅल्क्युलसपर्यंत लवकर नेण्याचा आग्रह धरला आहे आणि त्यामागचा हेतू मला मान्य आहे. तरी ज्याने लॉगरिदम कधी पाहिलाच नाही तो पाचव्या आठवड्यात गप्पपणे यायचा थांबतो, तेव्हा त्याच्या नावापुढे फक्त ‘माघार’ अशी नोंद राहते, आणि मूळ शिफारशीचा शोध घ्यायला कोणी मागे जात नाही.

इंग्रजीची गोष्ट थोडक्यात सांगते. घरी कोणती भाषा बोलता, या प्रश्नाला ‘मराठी’ असे खरे उत्तर देणारी पदवीधर मुलगी परभाषकांच्या इंग्रजी वर्गांच्या वाटेला लागते, ज्यासाठी कायदा तीन वर्षांची मुदत धरतो. तिची मैत्रीण, तीच पदवी, त्याच विद्यापीठाची, ‘इंग्रजी’ असे लिहून पहिल्याच सत्रात निबंधलेखनाच्या वर्गात बसते. खरे बोलण्याचा हा दंड आहे. मराठीतून शिकलेल्या आणि ज्यांना ते वर्ग खरोखर हवे आहेत अशा मुलीही असतात, मात्र त्यांना ओळखायला घरची भाषा हा निकष पुरत नाही.

आता मागणे. आपल्या नियमावलीच्या टायटल ५ मधील कलम ५५५२२ नुसार स्व-निवडीच्या अर्जात नमुना गणिते घालता येत नाहीत आणि विद्यार्थ्याकडून काही सोडवूनही घेता येत नाही. जुनी परीक्षा मागच्या दाराने परत येऊ नये म्हणून ही भिंत बांधली आहे आणि ती पाडा असे मी म्हणत नाही. पण अमेरिकन कोर्सांची नावे विचारण्याऐवजी विषयातल्या प्रकरणांची नावे विचारायला ती भिंत आड येऊ नये. ‘तुम्ही डेरिव्हेटिव्ह शिकला आहात का, किती वर्षांपूर्वी, बोर्डाच्या परीक्षेत तो भाग होता का’ असे विचारले असते, तर त्या बाईने क्षणात बरोबर उत्तर दिले असते. शिवाय ११६ कॉलेजांनी आपापल्या परीने चाचपडण्याऐवजी सॅक्रॅमेंटोनेच एकदा कोष्टक तयार करावे: कोणत्या देशाच्या कोणत्या मंडळाच्या कोणत्या इयत्तेत गणिताचा कोणता भाग शिकवला जातो आणि तिथल्या श्रेणींचा अर्थ काय. महाराष्ट्र मंडळ आणि सीबीएसई यांचे अभ्यासक्रम उघड प्रसिद्ध असतात. ते जुळवायला दोन गणितशिक्षकांना एक उन्हाळी सुटी पुरेल. खासगी मूल्यांकन संस्थेकडून प्रत्येकाने पैसे भरून कागद तपासून घ्यावेत हा आजचा मार्ग, ज्यांना सर्वांत जास्त गरज आहे त्यांनाच परवडत नाही.

दुसरे असे की, पहिल्या दोन आठवड्यांत शिक्षकाच्या शिफारशीने वर किंवा खाली वर्ग बदलण्याची मुभा सर्वत्र असावी, आणि त्यासाठी दोन्ही वर्गांत मोजक्या जागा राखून ठेवाव्यात. आज कागदोपत्री बदल करता येतो. प्रत्यक्षात तोवर दुसरा वर्ग भरलेला असतो आणि प्रतीक्षायादीवर अकरावा क्रमांक मिळतो.

आणि तिसरे, आकड्यांविषयी. २०१८ च्या १८०५ क्रमांकाच्या कायद्याने कॉलेजांना प्लेसमेंटचे निकाल दरवर्षी वंशनिहाय कळवायला लावले आहे. त्या तक्त्यात आमची बाई ‘आशियाई’ या रकान्यात जाते. तिच्या शेजारी कुपर्टिनोत जन्मलेला, हायस्कूलमध्येच कॅल्क्युलस केलेला मुलगा असतो आणि दोघांची सरासरी छान दिसते. ज्यांची पातळी ट्रान्स्क्रिप्टवरून ठरली आणि ज्यांची स्व-निवडीच्या अर्जावरून ठरली, हे दोन गट वेगळे दाखवा. त्यांतले किती वर्षभरात विद्यापीठीय पातळीचा वर्ग उत्तीर्ण झाले तेही दाखवा. कायद्याची कसोटी हीच तर आहे.

त्या बाईचा वर्ग अखेर बदलला. विभागप्रमुखांपुढे मी तिची गुणपत्रिका ओळीओळीने इंग्रजीत वाचून दाखवली, त्याला पंचवीस मिनिटे लागली. असे मी गेल्या काही सत्रांत बऱ्याच जणांसाठी केले आहे, पण माझ्या टेबलापर्यंत न पोहोचणाऱ्यांचा हिशेब माझ्याकडे नाही. येत्या ऑगस्टमध्ये सत्र सुरू होण्याच्या आठवड्यात आपल्या कार्यालयातील ज्यांच्याकडे हा विषय आहे त्यांनी एक दुपार आमच्या सेंटरमध्ये येऊन बसावे, असे निमंत्रण मी या पत्राद्वारे देत आहे. मंगळवारी आणि गुरुवारी दुपारी एक ते चार मी तिथे असते. महाराष्ट्र मंडळाची गुणपत्रिका कशी वाचायची ते मी त्यांना दाखवीन. व्हिएतनामची कशी वाचायची ते शेजारच्या टेबलावरचे माझे सहकारी दाखवतील.

आपली नम्र,
एक अर्धवेळ गणितशिक्षिका,
सांता क्लारा काउंटी