तुझ्या प्रश्नाचं उत्तर, जरा वळसा घेऊन

रत्नागिरी

चि. अनघास,
अनेक आशीर्वाद.

सॉल्ट लेक सिटीच्या विमानतळावर निघता निघता तू विचारलंस, "बाबा, तुमच्या बोटीवरच्या डायऱ्यांत माझ्या जन्माच्या दिवशी काय लिहिलंय?" मी पासपोर्ट चाचपायचं निमित्त केलं. तुझ्या आईने ते पाहिलं, बोलली काही नाही.

उत्तर देणार आहे. पण आधी त्या विल्फर्ड वुड्रफबद्दल. टेंपल स्क्वेअरजवळ फिरताना तूच म्हणाली होतीस ना, की इथल्या मॉर्मन नावाच्या ख्रिस्ती पंथाचा एक पुढारी साठ वर्षं डायरी लिहीत होता? त्या डायऱ्या आता संगणकावर फुकट वाचायला मिळतात. दोन महिने मी तेच करतोय. आई म्हणते, पेन्शनीत लोक देवाधर्माला लागतात, पण दुसऱ्याच्या धर्माला लागलेला माणूस पहिल्यांदा बघतेय.

वुड्रफ कनेक्टिकटचा, 1807 चा जन्म, घरचा धंदा पिठाच्या गिरणीचा. लहानपणी उकळत्या पाण्यात पडला, नंतर झाडावरून पडला, हाडं मोडली, बुडता बुडता वाचला, आणि ही सगळी यादी त्याने स्वतःच नीट लिहून ठेवली. तिथेच मला हा माणूस ओळखीचा वाटला. वर्ष संपलं की तो बेरीज मांडतो: किती मैल फिरलो, किती सभा घेतल्या, किती जणांना बाप्तिस्मा दिला. आमचं इंजिन रूमचं लॉगबुकच की! दुपारी बाराला काउंटर वाचायचा, फेरे लिहायचे, तेल किती जळलं ते लिहायचं. कोणाला घरची आठवण आली, याला त्यात रकाना नाही.

1839 च्या ऑगस्टमध्ये तो इंग्लंडला धर्मप्रचाराला निघाला. अंगात हिवताप. बायको फीबीही आजारी, पोटुशी, कडेला वर्षाची मुलगी सारा एमा. पंथातला दुसरा एक पुढारी, ब्रिगहॅम यंग, याने त्याला होडीतून मिसिसिपीपलीकडे सोडलं, तर पोस्टापाशी चामड्याच्या एका तुकड्यावर हा आडवाच झाला. जोसेफ स्मिथ, म्हणजे या पंथाचा संस्थापक, तिथून जाताना भेटला, तर हा त्याला म्हणाला की मी धर्मप्रचारकापेक्षा चिरफाडीच्या टेबलावरचा दिसतोय. तरी गेला. इंग्लंडात हेरफर्डशरमधल्या एका शेतकऱ्याच्या तळ्यात त्याने माणसांमागून माणसं बुचकळून काढली. सहाशेएक लोकांचा तिथला एक पंथ, त्यातला एक सोडून सगळे आपल्याकडे आले, असा त्याचा हिशेब. (तो एक कोण, हे मला फार जाणून घ्यायचंय.)

आणि त्याच उन्हाळ्यात, जुलै 1840 मध्ये, इकडे सारा एमा वारली. दोन वर्षांची. त्याला कळलं ते काही महिन्यांनी. त्याच वर्षी मार्चमध्ये झालेला मुलगाही त्याने अजून पाहिला नव्हता. हे वाचलं आणि संगणक बंद करून मी आंब्यांना पाणी घालायला गेलो.

आता त्या रस्त्याबद्दल, जिथे तू आम्हाला गाडीने नेलंस. 1844 मध्ये इलिनॉयमध्ये जमावाने जोसेफ स्मिथला तुरुंगात मारलं, मग दोन वर्षांत या लोकांना गाव सोडावं लागलं. 1847 मध्ये यंगच्या मागे पहिली तुकडी निघाली. 143 पुरुष, 3 बायका, 2 मुलं. सॉल्ट लेक सिटी आहे ते युटा तेव्हा मेक्सिकोत होतं. विल्यम क्लेटन नावाच्या माणसाने गाडीच्या चाकाला लाल चिंधी बांधली आणि ती किती वेळा वर येते ते मोजत चालला. 360 फेरे म्हणजे एक मैल! शेवटी कंटाळून त्यांनी लाकडी दातेरी चाकांचं मोजणी यंत्रच बनवून घेतलं. म्हणजे आमचा रेव्होल्युशन काउंटर, फक्त बैलगाडीवर. हे मी आईला तीनदा सांगितलंय, चौथ्यांदा सांगू नको अशी ताकीद आहे.

वुड्रफ या गडबडीत काय करतोय? वाटेतल्या फोर्ट ब्रिजर नावाच्या ठाण्याजवळ गळ टाकून बसलाय. लिव्हरपूलहून आणलेली काठी, त्यावर नकली माशी. बाकीचे मांसाचे तुकडे लावून हात हलवत बसलेले, याला डझनभर ट्राउट मासे. डायरीत वजनासकट.

24 जुलैला यंग पहाडी तापाने वुड्रफच्याच गाडीत पडून होता. खोरं दिसलं तेव्हा तो उठून म्हणाला, "हीच ती जागा, चला." त्या नावाचा पार्क आपण पाहिला, आईने पुतळ्याखाली फोटो काढला. पण अनघा, त्या दिवसाच्या डायरीत हे वाक्य नाही. बटाटे आहेत. वुड्रफने सोबत बियाणं आणलं होतं आणि ते मातीत जाईपर्यंत खायचं नाही असं ठरवलं होतं, तसं त्याने लावलं. ते प्रसिद्ध वाक्य त्याने जाहीर सांगितलं 1880 मध्ये, एका भाषणात. तेहतीस वर्षांनी.

पुढचं थोडक्यात सांगतो. त्याने अनेक लग्नं केली, तीसहून जास्त मुलं. याची बाजू मी घेणार नाही, आणि आई म्हणाली, "एकीलाच वेळ नव्हता, बाकीच्यांना कुठून देणार?" सरकार बहुपत्नीत्वावर उठलं तेव्हा तो लपून राहत होता. 1885 मध्ये फीबी गेली. अटकेच्या भीतीने तिच्या अंत्ययात्रेला जाता आलं नाही, ती त्याने खिडकीतून पाहिली. 1889 मध्ये तो चर्चचा अध्यक्ष झाला आणि 1890 मध्ये बहुपत्नीत्व थांबवण्याचं पत्रक त्यालाच काढावं लागलं. 1897 मध्ये, नव्वदाव्या वर्षी, बोलत्या यंत्रात त्याचा आवाज भरून घेतला, तो आजही ऐकता येतो. मी ऐकला. धर्माचंच बोलतो. फीबीचं नाही.

तर आता माझी डायरी. माळ्यावरच्या ट्रंकेत सापडली, 1988 ची, डिझेलचा वास अजून आहे. आम्ही आखातातून जपानला चाललो होतो. रेडिओ ऑफिसर संदेश घेऊन खाली इंजिन रूममध्ये आला. त्या तारखेला मी लिहिलंय: "बेबी गर्ल. बोथ वेल. नंबर दोन जनरेटर, तिसऱ्या युनिटचा पिस्टन काढला. रिंगा बदलल्या." तू सात महिन्यांची असताना मी घरी आलो, आणि मला बघून तू अशी किंचाळलीस की शेजारचे धावत आले.

काल रात्री ते पान आईला वाचून दाखवलं. मला वाटलं चिडेल. ती हसली आणि म्हणाली, "पिस्टन तरी नीट बसला ना?" मग म्हणाली, "आता लिही. मी सांगते."

म्हणून कोरी वही आणलीय. ती स्वयंपाकघरातून सांगतेय, मी जेवणाच्या टेबलावर लिहितोय. पहाटे कळा सुरू झाल्या. रिक्षा मिळेना. तुझे आजोबा मिरकरवाडा बंदराकडे पळाले आणि मासळीचा टेम्पो घेऊन आले. मागे बर्फ आणि बांगडे, पुढे आई, आणि दर खड्ड्याला टेम्पोवाला "वहिनी, झालंच हां" म्हणायचा. मला हे आजवर ठाऊक नव्हतं.

त्या टेम्पोवाल्याचं नाव तिला आठवत नाहीये. तेवढ्यासाठी उद्या बंदरावर चक्कर मारून येतो, मग पुढचं पाठवतो.

तुझा,
बाबा