बाबा, एफडी मोडू नका

गेथर्सबर्ग, मेरीलँड
8 नोव्हेंबर 2025

ती. आई-बाबांना सा. नमस्कार.

बाबा, काल फोनवर तुम्ही विचारलंत, "तुमच्या ऑफिसात संप आहे का गं?" संप नाही हो, याला इथे 'शटडाउन' म्हणतात. आम्हाला कामावर जायचंय आणि सरकारच सांगतंय, येऊ नका. तुमची सगळी नोकरी ट्रेझरीत गेली, तुम्हाला लगेच कळेल. इथलं आर्थिक वर्ष 1 ऑक्टोबरला सुरू होतं. त्याआधी ना बजेट मंजूर झालं, ना लेखानुदान. मंजुरीशिवाय खर्च करायचा नाही, असा 1884चा कायदा आहे. आपल्याकडे अशा वेळी सरकार पडतं. इथे सरकार शाबूत, कार्यालयांना कुलूप. आरोग्य विम्याच्या सवलतीवरून दोन्ही पक्ष अडून बसलेत.

त्या दिवशी आवरायला आम्हाला चार तास दिले. फ्रीजमधला डबा काढला, टेबलावरची तुळस घरी आणली. आज 39 वा दिवस. 2018-19चा 35 दिवसांचा विक्रम याच आठवड्यात मोडला.

एक गोष्ट तुमच्यापासून लपवली. लक्ष्मीपूजनाला व्हिडिओवर तुम्हाला वही दाखवली ना, तिच्याखाली अर्ध्या पगाराची स्लिप होती. नंतरच्या दोन्ही स्लिपांवर शून्य.

आम्हाला थकलेला पगार मिळतो, 2019 पासून तसा कायदाच आहे. व्हाइट हाउसकडून मध्येच 'मिळेलच असं नाही' असा सूर निघाला, तेव्हा मात्र झोप उडाली. कंत्राटी माणसांना तर कायद्याचाही आधार नाही. आमच्या मजल्यावर झाडलोट करणाऱ्या बाई मला गेल्या शनिवारी फूड बँकेच्या, म्हणजे गरजूंना फुकट अन्न वाटतात तिथल्या, रांगेत भेटल्या. हो आई, रांगेत मीही होते. ऑफिसचं ओळखपत्र कोटाच्या खिशात मुठीत धरून. पिशवी आपली न्यायची असते, हे मला ठाऊक नव्हतं. त्यांनी आपली दुसरी पिशवी मला दिली. कांदे, बटाटे, सफरचंदं मिळाली. दोघीही ऑफिसबद्दल काही बोललो नाही.

तसं सगळंच बंद नाही. पोस्ट चालू आहे, म्हाताऱ्यांची पेन्शन जमा होते. स्मिथसोनियनची म्युझियमं बंद आहेत, त्यावाचून कुणाचं अडत नाही. पण चार कोटींहून जास्त लोक फूड स्टँपवर, म्हणजे अन्नासाठी मिळणाऱ्या सरकारी मदतीवर, जेवतात आणि त्यांचे या महिन्याचे पैसे अडकलेत. विमानं उतरवणारे कंट्रोलर बिनपगारी राबतायत. काही जण येईनासे झाले, म्हणून कालपासून 40 विमानतळांवरची उड्डाणं कमी केलीत.

तुमचं डिसेंबरचं तिकीट रद्द करू नका. कपात इथल्या इथे उडणाऱ्या विमानांची आहे, तुम्ही दुबईहून सरळ वॉशिंग्टनलाच उतरणार. तोवर हे मिटलं नसेल, तर परत जाताना विमानतळावर सामान तपासणाराही बिनपगारीच असेल. त्याच्याशी जरा गोड बोला.

आणि बाबा, एफडीला हात लावायचा नाही. घराचा हप्ता बँकेने दोन महिने पुढे ढकललाय. आई, भाजणी मात्र दोन किलो आण. त्या बाईंची पिशवी रिकामी परत द्यायची नाहीये.

तुमची,
मनू