प्लेटलेट्सपासून पाळण्यापर्यंत

प्रिय सुधीर,

हृदयविकाराच्या रुग्णांना तू अ‍ॅस्पिरिन लिहून देतोस ना, त्यामागे ज्यांचे कष्ट आहेत त्यांतले एक कॅनडाचे डॉक्टर-संशोधक फ्रेझर मस्टर्ड. सध्या त्यांच्याबद्दलच वाचतोय आणि तुला सांगितल्याशिवाय राहवत नाही.

जन्म 1927 चा, टोरांटोचा. उमेदीची वर्षं रक्तातल्या प्लेटलेट्सच्या अभ्यासात गेली: त्या चिकटून गुठळी कशी होते, अ‍ॅस्पिरिन ते कसं रोखतं. पुढे हॅमिल्टनच्या मॅकमास्टर विद्यापीठात वैद्यकशाखेचे डीन. 1982 मध्ये त्यांनी कॅनेडियन इन्स्टिट्यूट फॉर अ‍ॅडव्हान्स्ड रिसर्च ही संशोधन संस्था उभारली आणि तिथे एका प्रश्नानं त्यांना पछाडलं. आजारपण फक्त अगदी गरिबांतच जास्त असतं असं नाही, उत्पन्नाची एकेक पायरी उतरावी तसं ते वाढत जातं. असं का? उत्तर शोधत ते मागं मागं गेले, ते थेट पाळण्यापर्यंत.

मोतीबिंदू घेऊन जन्मलेलं बाळ घे. तो वेळेत काढला नाही, तर नंतर शस्त्रक्रिया कितीही चांगली होऊ दे, नजर नीट येत नाही. मेंदूत दृष्टीच्या जोडण्या व्हायचा काळ उलटून गेलेला असतो. भाषा, राग आवरणं, ताण पेलणं, यांचाही पाया याच कोवळ्या वयात पडतो, हे मस्टर्ड जिथे तिथे सांगत राहिले.

1999 मध्ये न्यू ब्रन्सविक प्रांताच्या माजी लेफ्टनंट गव्हर्नर मार्गारेट मॅकेन यांच्यासह त्यांनी कॅनडातल्या ऑंटारिओ प्रांताच्या सरकारला मुलांच्या पहिल्या वर्षांबद्दल अहवाल दिला. त्यातलं एक मला फार मोलाचं वाटतं. विकासात मागे पडणाऱ्या मुलांचं प्रमाण गरीब घरांत जास्त, पण डोकी मोजली तर जास्त मुलं मध्यमवर्गातली, कारण तो वर्गच मोठा. म्हणून लहान मुलांच्या विकासासाठीची केंद्रं सगळ्यांना खुली हवीत, आईबापांनाही सामावून घेणारी. नुसती गरिबांसाठी योजना काढून भागत नाही, आणि हे आपल्या डॉक्टरमंडळींनाही पटवावं लागतं!

मुलं शाळेसाठी कितपत तयार आहेत हे पाहायला मॅकमास्टरमध्येच एक प्रश्नावली तयार झाली. बालवर्गाच्या बाई प्रत्येक मुलाबद्दल ती भरतात: खडू नीट धरतो का, गोष्ट सांगता येते का, कुणाला लागलं तर मदतीला जातो का. निष्कर्ष मात्र वस्तीचा काढतात, मुलावर शिक्का मारत नाहीत. मला हे अतिशय आवडलं.

2010 पासून ऑंटारिओत चार-पाच वर्षांच्या मुलांसाठी पूर्णवेळ बालवर्ग सुरू झाले. मस्टर्ड नोव्हेंबर 2011 मध्ये गेले. शेवटपर्यंत त्यांचं काम चालूच होतं.

1999 चा अहवाल पाठवतोय. मेंदूवरचा भाग आधी वाच आणि तुझ्या ओळखीच्या बालरोगतज्ज्ञांनाही दे. काय वाटलं ते सविस्तर कळव.

तुझा,
मोहन