त्या चाळीस पानांबद्दल

म्हापसा

प्रिय सुहास,

तुझी पीडीएफ मिळाली आणि चतुर्थीच्या गडबडीतसुद्धा सगळी वाचली. बँकेची नोकरी सांभाळून कोलाट्झ नावाच्या गणितातल्या अजून न सुटलेल्या प्रश्नावर चाळीस पानं लिहिलीस याचं मला खरंच कौतुक आहे रे, पण ती आहेत तशी ताळगावला युनिव्हर्सिटीतल्या सरांना पाठवू नकोस, आणि "प्रश्न सुटला आहे, आठ दिवसांत कळवा" ही ओळ तर आधी काढ.

तू म्हणशील, रामानुजनने केंब्रिजच्या गणिती हार्डीला पाठवलंच की. पाठवलं, पण 1913 च्या त्या पत्रात सुरुवातीलाच सांगून टाकलं की मी मद्रास पोर्ट ट्रस्टमध्ये वर्षाला वीस पौंडांवर क्लार्क आहे, युनिव्हर्सिटीचं शिक्षण नाही, आणि शेवटी मागितला तो सल्ला. एवढा मोठा माणूस! दुसरीकडे फर्माच्या प्रमेयाला, तोही तेव्हा न सुटलेला प्रश्न, 1908 मध्ये एक लाख मार्कांचं बक्षीस लागलं तेव्हा लोकांनी जर्मनीतल्या गटिंगेनला इतक्या सिद्धता धाडल्या की लांडाऊ नावाच्या प्रोफेसरांनी उत्तराचं कार्डच छापून घेतलं, पहिली चूक अमुक पानावर अमुक ओळीत, आणि ती पानं नि ओळी शोधायचं काम विद्यार्थ्यांच्या गळ्यात. तुझ्या मेहनतीला असलं कार्ड यावं असं मला वाटत नाही.

आता तुझं पान 17 बघ. विषम आला की तिप्पट अधिक एक, सम आला की निम्मा, असं करत गेलं की आकडा सरासरीने घटतो, इथपर्यंत ठीक, पण पुढच्याच ओळीत तू "म्हणून प्रत्येक आकडा 1 वर येतो" म्हणतोस. ते कुठून आलं? 27 घे, तो मध्येच 9232 पर्यंत चढतो आणि एकूण 111 पायऱ्यांनी 1 वर येतो, म्हणजे एकेकटा आकडा सरासरीचं ऐकेलच असं नाही. टेरेन्स टाओ या गणितज्ञांनी 2019 मध्ये जे सिद्ध केलं तेही "जवळजवळ सगळ्या" आकड्यांबद्दलच आहे, सगळ्या नाही.

तेव्हा सरांना तेवढंच विचार, मी इथपर्यंत आलोय, ही उडी मला भरून काढता येत नाहीये, काय वाचू? एका पानात. तू कोण, गणित कुठपर्यंत शिकलास तेही सरळ लिही, त्यात कसला कमीपणा. पूर्ण पीडीएफ मागितली तर द्यायची. त्यांचे क्लास असतात, पेपर तपासायचे असतात, उत्तराला महिना लागला तर लागू दे, मध्येच फोन करू नकोस आणि तीच मेल आणखी चार जणांना टाकू नकोस. आणि त्यांनी चूक दाखवली तर वाद घालायच्या आधी दोन दिवस तिच्याशी झगड.

रविवारी मी फोंड्याला येतोय, लॅपटॉप चार्ज करून ठेव, मेल तिथेच बसून लिहूया. वहिनींना नमस्कार.

तुझा,
अनिल