उव्हेझच्या काठावरून

व्हेझों-ला-रोमेन, फ्रान्स,
बुधवार, सप्टेंबर अखेर

तीर्थरूप बाबा आणि सौ. आईस,
साष्टांग नमस्कार.

फोनवर घराचा विषय काढला की बाबा "जेवलीस का?" विचारतात आणि फोन आईच्या हातात जातो. म्हणून या वेळी कागद. हा मध्येच कुणाच्या हातात देता येत नाही, आणि आई, तू मोठ्यानं वाचलंस तर त्यांना ऐकावंच लागेल.

चार दिवसांची सुट्टी मिळाली तशी एकटीच इथे आले. लियोंहून रेल्वेनं ओरांज, तिथून पुढे बस, कारण गावाला रेल्वे नाही. जेमतेम सहा हजार वस्ती. मागे मों व्हाँतू नावाचा पांढऱ्या माथ्याचा डोंगर; तो बर्फ नव्हे, उघडा चुनखडक. वाटेत दोन्ही बाजूंना द्राक्षं. पण मांडव कुठेच नाही, वेली कमरेएवढ्या, मणी बारीक, जाड सालीचे, आत बिया. तासगावच्या मामांनी बघितल्या असत्या तर "ह्यांना कुणी छाटणी शिकवली नाही काय" म्हणाले असते. वाइनची द्राक्षं अशीच लागतात हे त्यांना पटवायला मला तरी जमलं नसतं.

गावाच्या नावातलं "रोमेन" उगीच नाही. व्होकोंती नावाच्या टोळीचं हे मुख्य गाव, रोमन लोकांनी त्याला शहर केलं. नीरो बादशहाचा मोठा अधिकारी बुर्रुस याच्या नावाचा शिलालेख इथे सापडला. गंमत अशी की विसाव्या शतकात उत्खननाला पैसा पुरवला तो तंबाखूच्या धंद्यातल्या एका श्रीमंत गृहस्थानं, आणि त्याचंही आडनाव बुर्रुस! आडनावासाठी हात सैल सोडणारी माणसं फक्त आपल्याकडेच असतात असं वाटायचं मला. खणायचं काम केलं सोटेल नावाच्या एका पाद्र्यानं. १९०७ मध्ये सुरुवात केली ती आयुष्यभर.

आता गावाच्या मधोमध दोन मोठी आवारं मोकळी केली आहेत. दगडी फरसबंदीचा रस्ता, कडेला दुकानांचे गाळे, सावलीसाठी खांबांची ओळ. श्रीमंतांची घरं तर काय सांगू, एकेका वाड्यात चौक, बाग, पाण्याचं टाकं, स्वतःचं न्हाणीघर. आई, एका रांगेत शेजारी शेजारी बसायचे दगडी संडासही आहेत, खालून वाहतं पाणी. तुला तेवढं बघून पुरे झालं असतं. बाकीचं रोमन शहर आजच्या घरांच्या खाली आहे, ते कुणी उकरणार नाही. लोक त्यावर राहतात, धुणं वाळत घालतात.

पण बाबा, मला लिहायचंय ते पुलाबद्दल.

उव्हेझ नदीवर रोमन पूल आहे, पहिल्या शतकातला. एकच कमान, साधारण १७ मीटरची, दोन्ही काठांच्या खडकांवर टेकलेली. पात्रात एकही खांब नाही, त्यामुळे वाहून आलेली झाडं अडकायला जागाच नाही. दुसऱ्या महायुद्धात माघार घेणाऱ्या जर्मनांनी तो उडवायला बघितला, तरी उभा राहिला. आजही त्यावरून मोटारी जातात. मी तिथे पोचले तेव्हा नदीत पाणी म्हणजे घोटाभर. बायका कुत्री फिरवत होत्या. वाटलं, एवढ्याशा ओहोळासाठी एवढा उंच पूल कशाला?

२२ सप्टेंबर १९९२ ला ते कळलं होतं. मंगळवार होता, इथल्या बाजाराचा दिवस. वरच्या डोंगरांत काही तासांत पाऊस कोसळला आणि नदी पुलाच्या वरून वाहिली. कठड्यावरून, बाबा. त्या पुरात तीसहून जास्त माणसं गेली. आपल्याकडे सांगलीत कोयनेतून विसर्ग वाढला की दोन दिवस आधी कुजबुज सुरू होते, आयर्विन पुलावर पाण्याचे फूट मोजत बसतात, चाळीस झाले, पंचेचाळीस झाले, मग सामान वर चढतं. इथे सकाळी बाजार आणि दुपारी सगळं संपलेलं. पुलाचा कठडा गेला, कमान जागच्या जागी. आता कठडा नवा आहे, दगडाच्या रंगावरून कळतो.

आणि मेली ती माणसं कुठली? नदीच्या सखल काठावर नवी घरं आणि तंबूंचा तळ होता, तिथली बरीच. जुन्या लोकांनी जिथे पाय रोवले ती जागा टिकली, मधल्या काळात जिथे स्वस्त सपाट जमीन म्हणून बांधलं ते वाहून गेलं. हे मी पुलावर उभी राहून दहा मिनिटं मोजत होते आणि मला २०१९ मध्ये तुमच्याशी झालेलं भांडण आठवत होतं. सत्तावन्न फूट पाणी, तुम्ही आणि आई माळ्यावर, आणि मी इथून ओरडतेय की वाडा विका आणि विश्रामबागेत चौथ्या मजल्यावर फ्लॅट घ्या. तुम्ही म्हणालात, "आजोबांना नदी माहीत होती, तुला फक्त बातम्या माहीत आहेत."

त्या वेळी रागच आला होता. आता अर्धा राग परत घेते. आपल्या जोत्याचा दगड आजोबांनी का एवढा उंच घेतला, ते मला या पुलावर कळलं.

अर्धाच घेते हं. कारण इथे दुसरी गोष्टही आहे. पलीकडच्या कड्यावर जुनं गाव आहे. रोमन काळ संपल्यावर काही शतकांनी लढाया, लूट यांना कंटाळून लोक वर चढले, माथ्यावर तुलूझच्या सरदाराचा किल्ला, खाली दगडी गल्ल्या. पुढे शांतता आली तशी हळूहळू परत खाली उतरले, कारण रोज कोण पाणी आणि लाकूड घेऊन चढणार. काल मी वर गेले. कारंजं वाहतंय, घराघरांवर वेल, खिडक्या बंद. गुडघे बोलायला लागले आणि मी मध्येच एका पायरीवर बसले, तेव्हा आई तुझी आठवण झाली. तुला चौथ्या मजल्यावर बसवून मी काय मिळवणार होते, लिफ्ट बंद पडली की तुझी गणपतीची वारी बंद.

तेव्हा फ्लॅटचा हट्ट सोडला. त्याच्या बदल्यात दोन गोष्टी ऐका. कपाटातली कागदपत्रं, बाबांची औषधं, देव्हारा, तिजोरी, एवढं पुढच्या जूनच्या आधी कायमचं वरच्या मजल्यावर जाऊ द्या. दरवर्षी आणायचं-न्यायचं नाही. आणि आयर्विनला चाळीस फूट झाले की तुम्ही दोघं मावशीकडे, "बघू" म्हणायचं नाही. पूल खडकावर होता म्हणून टिकला, पण त्यावर त्या दिवशी कुणी उभं नव्हतं.

दारामागच्या भिंतीवर तुम्ही खडूनं ओढलेल्या पुराच्या रेघा, २००५, २०१९, २०२१, त्यांच्यावर रंग देऊ नका. पुढच्या खेपेला मी त्या नीट कोरून घेते, पाथरवट शोधून ठेवा.

काल मंगळवार, त्यामुळे बाजार मिळाला. १४८३ पासून भरतोय म्हणे, तेव्हा हा मुलूख पोपच्या ताब्यात होता. सगळं गाव रस्त्यावर: ऑलिव्हची पिंपं, बकरीच्या दुधाचं चीज, लसणाच्या वेण्या, लॅव्हेंडरच्या पुरचुंड्या. अंजीर इतके पिकलेले की पिशवीत फुटले. विकणाऱ्या आजीनं मला तीन जास्तीचे दिले आणि लगेच खायला लावले, समोर उभी राहून. तू करतेस तसंच.

लॅव्हेंडरच्या दोन पुरचुंड्या सोबत पाठवते आहे, शालूंच्या कपाटात ठेव. पुलाचा फोटोही आहे. बाबा, भिंग घेऊन कमानीचे दगड बघा, कुठे जोड दिसतो का सांगा. मला दिसला नाही.

तुमची,
धाकटी